सेहेचाळीस मिनिटं

लाइट गेली ते एका अर्थी बरंच झालं. नाहीतर तुम्ही चौघं मोबाइलमध्ये तोंडं खुपसून बसला असता आणि या काकाला विचारलं कुणी असतं? ती मेणबत्ती जरा इकडे सरकव. हं. आता तोंडं दिसतात तुमची. नऊ वाजून सोळा मिनिटं झालीत. माझं घड्याळ दोन सेकंद पुढे असतं, तेवढं सोडून द्या.

बस गं सूनबाई, तू कशाला उठतेस? आत रडतंय ते रडू दे. तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं ना आत्ता, की रोज थोडं रडू दिलं की सवय लागते आणि पोरं आपली आपण झोपायला शिकतात म्हणून? माझा पुतण्या शिकलेला आहे. मी आपला जन्मभर घड्याळं उघडून बसलेला माणूस, मला पोर ना बाळ, मी काय सांगणार? किती महिन्यांचं झालं, चार ना? अजून दातही नाहीत तोंडात. पण शिस्त हवीच. तोवर मी एक गोष्ट सांगतो. भुताची म्हणा हवं तर, पण खरी. अर्धी माझ्या डोळ्यादेखत घडली. अर्धी ज्याच्यावर बेतली त्याने सांगितली, आणि तो खोटं बोलणारा नव्हता. खोटं बोलायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडे नव्हतीच.

माझ्या दुकानाच्या पायरीवर एक चावीवाला बसायचा, तो आठवतो का कुणाला? नाही आठवणार, तुम्ही दुकानाकडे फिरकत कुठे होता? त्याला नाव होतं, पण सगळे चावीवालाच म्हणायचे. त्याची बायकोसुद्धा. हात जाडेभरडे, पण कान असा की विचारू नका. कुलपाला कान लावायचा, आत तार फिरवायचा, आणि एकदम म्हणायचा, 'बोललं.' की कुलूप उघडलंच. आणि त्याचा एक नियम होता. ज्याने काम सांगितलं त्याच्याच हातात चाव्या द्यायच्या. सगळ्या. घरात दुसरं कुणी कितीही मागो. या नियमाचा त्याला फार तोरा होता.

तर गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. थंडीचे दिवस, बुधवार, संध्याकाळचे सहा चाळीस. पोहण्याच्या तलावावरचा कोच माझ्याकडे स्टॉपवॉच घेऊन आला. जुनं, किल्ली द्यायचं, त्याला त्याच्या सरांनी दिलेलं. बटण अडकत होतं. मी उघडलं, साफ केलं, टिपूसभर तेल सोडलं, झालं काम. जाता जाता तो म्हणाला, "काका, दाराला बाहेरून कडी-कोयंडा बसवून देणारा कुणी आहे का?"

मी म्हटलं, "हा काय, तुमच्या डाव्या हाताला बसलाय."

एवढंच मी केलं. बोट दाखवलं.

चावीवाला पिशवी घेऊन त्याच्या मागून गेला. घर चांगलं होतं. लांब पॅसेज, त्याच्या टोकाला एक छोटी खोली. खोलीत पाळणा, भिंतीवर पिवळी बदकं. त्याच खोलीच्या दाराला बाहेरून कोयंडा हवा होता. चावीवाल्याला वाटलं, सामान ठेवायचं असेल. तेवढ्यात कोचची बायको आली, कडेवर आठ महिन्यांचं पोर. गोरंगोमटं, हसरं. खालचे दोनच दात आलेले. चावीवाला दाराचं माप घेतोय तर हे बेटं टेप ओढतंय. पितळी कुलूप काढून ठेवलं तर ते उचलून थेट तोंडात. दात शिवशिवत असणार. चावलं, चोखलं, पार लाळेने माखलं. चावीवाल्याने ते शर्टाला पुसलं आणि हसला. त्याला पोरं आवडायची.

मग कोचने सांगितलं कुलूप कशाला ते. पोराला एकट्याने झोपायची सवय लावायची. नऊला आत ठेवायचं, दार बंद. रडून रडून आपोआप थांबेपर्यंत उघडायचं नाही. पण दोन रात्री बायको मध्येच आत गेली होती. म्हणून कुलूप.

"मी पोरांना पाण्यात सोडतो तेव्हा हात देत नाही," कोच म्हणाला. "हात दिला की पोर हात शोधत बसतं. पोहत नाही."

"ती पोरं सात-आठ वर्षांची असतात," बायको म्हणाली. "तुम्ही काठावर दिसता त्यांना."

"तू आत गेलीस की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पोरासाठीच करतोय ना मी?"

आणि बरं का, तो वाईट माणूस नव्हता. ते आधी डोक्यातून काढा. पोरावर जीव होता त्याचा. त्याला एकच विद्या येत होती, ती त्याने घरी आणली.

कोयंडा बसला. कोच फोन घ्यायला बाहेर गेला, तशी ती बाई हळूच म्हणाली, "दादा, एक चावी माझ्याकडे द्या ना. मी नाही उघडणार. नुसती जवळ असू दे."

चावीवाला काय म्हणाला असेल? "ताई, ज्याने काम सांगितलं त्याच्या हातात चाव्या. आमच्या धंद्याचा नियम आहे."

ती पोराच्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. त्याने दोन्ही चाव्या कोचच्या हातात दिल्या.

नऊ वाजता कोचने पोर आत ठेवलं. दार लावलं. कुलूप घातलं. स्टॉपवॉच दाबलं. मीच मोकळं केलेलं बटण ते.

चावीवाला खाली आला आणि स्कूटरवर बसला. वर त्या खोलीची खिडकी. पोर रडायला लागलं. याला वाटलं, थांबेल, मग निघू. स्कूटरला किक मारायला पाय उचलेना. आधी नुसती कुरकुर होती. मग हाक मारल्यासारखं, थांबून थांबून, कुणी येतंय का बघत. मग राग. मग भीती. नंतर नंतर खोकला, उचकी, घोगरा आवाज... आणि मग ते हाक मारणंच राहिलं नाही. नुसतं रडणं उरलं. कुणासाठी नसलेलं. त्याच्या पिशवीत तार होती. तसलं कुलूप उघडायला त्याला अर्धं मिनिट लागायचं. तो सेहेचाळीस मिनिटं बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "माझ्या कानात बसलंय ते. जसंच्या तसं."

मी काय म्हटलं असेन? "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, चहा घे."

आठ दिवसांनी कोच आला. खूश होता. "जमलं, काका. पहिल्या रात्री सेहेचाळीस मिनिटं, दुसऱ्या रात्री तीस, मग वीस... काल शून्य. ठेवलं की गप्प." मग खिशातून स्टॉपवॉच काढलं. "हे मात्र बिघडलंय. किल्ली न देता रात्री आपोआप सुरू होतं. मी खिळ्याला टांगून ठेवतो, तरी."

"किती वाजता?"

"नऊला."

"आणि थांबतं कधी?"

तो हसायचा थांबला. "सेहेचाळीस मिनिटांनी," म्हणाला.

मी ते पुरतं खोललं. स्प्रिंग सैल पडलेली, अजिबात जोर नाही. ते घड्याळ एक सेकंदही चालायला नको होतं. मी सगळं पुन्हा बसवलं आणि 'ठीक आहे' म्हणून परत दिलं. कारागिराला आपल्याला कळत नाही असं म्हणवत नाही. तिथेच तर सगळं चुकतं.

काय रे, आत अजून रडतंय का तुझं? रडतंय. बारीक झालाय आवाज. ऐक, ऐक.

त्यानंतर चार दिवसांनी ती बाई एकटी आली. पोराला घेऊन. मी चष्मा वर करून बघितलं. मी ते पोर आधी बघितलेलं नव्हतं, पण पायरीवरच्या चावीवाल्यालाही ते ओळखू येईना. तेच गोरंगोमटं तोंड. पण ते कशाकडेच बघत नव्हतं. माझ्या दुकानात चाळीस घड्याळं टिकटिकतात, लंबक हलतात, कुठलंही पोर आलं की बघत राहतं. हे नाही. आईने मांडीवर ठेवलं तसं राहिलं. ठेवलेल्या वस्तूसारखं.

"हा रडत नाही," ती म्हणाली. "काल दवाखान्यात सुई टोचली. हूं नाही की चूं नाही. पलंगावरून पडला, कपाळाला टेंगूळ आलं. उचलायला गेले तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही याने."

"शांत झालाय," मी म्हटलं. तेवढंच सुचलं.

"काका, रडणं आत राहिलंय."

"कुठे आत?"

"खोलीत. पोरगा माझ्या मांडीवर असतो आणि नऊ वाजता खोलीतून रडण्याचा आवाज येतो. याचाच. मला माझ्या पोराचं रडणं कळत नाही होय? यांनीही ऐकलं. त्याच रात्री यांनी रिकाम्या खोलीला कुलूप घातलं आणि चाव्या तलावाच्या खोल भागात टाकून आले. आता म्हणतात, ते दार उघडायचं नाही." मग ती चावीवाल्याकडे वळली. "दादा, तेव्हा चावी दिली नाहीत. आता तरी उघडा. माझ्या पोराचं रडणं मला परत हवंय. बारा रात्री ते एकटं आहे आत."

...सूनबाई, जा. जा आत. घेऊन ये त्याला. आणि तू रे, हात सोड तिचा. सोड म्हटलं ना!

आणलंस? बरं केलंस. मांडीवर घे. अशी नाही, छातीशी धर, तुझं काळीज ऐकू येऊ दे त्याला. हळू थोपट. बोलत राहा, काहीही बोल, शब्द कुठे कळतात त्याला, आवाज ओळखीचा हवा. बघ, कसं हुंदके देतंय बिचारं. अजून देतंय हे नशीब समज.

पुढचं सांगू? सांगतो. आता अर्धवट सोडून चालायचं नाही.

त्याच रात्रीची गोष्ट, सोमवार होता. कोच स्पर्धेसाठी बाहेरगावी गेलेला. चावीवाला नऊला दहा मिनिटं असताना त्या घरी पोचला. पॅसेजमध्ये एकच दिवा. बाई पोराला कडेवर घेऊन उभी. खोलीच्या दाराला कुलूप.

नऊ वाजले.

आतून कुरकुर आली.

चावीवाल्याने आधी पोराच्या तोंडाकडे बघितलं. तोंड मिटलेलं. डोळे उघडे. आणि आत... आत तेच पोर रडत होतं. थांबून थांबून. कुणी येतंय का बघत. त्याच्या कानात बसलेलं होतं ते. जसंच्या तसं.

त्याने कुलूप हातात धरलं आणि सोडून दिलं.

ओलं होतं.

ओलं आणि कोमट. त्याने शर्टाला पुसलं. पुन्हा ओलं. तार घातली, तार निसटली. पुन्हा पुसलं. अर्ध्या मिनिटाचं काम. दहा मिनिटं गेली. वीस गेली. कान लावावा तर कानात रडणं. कुलूप काही बोलेना.

बाई दाराला टेकून बसली होती. पोर एका हातात. दुसऱ्या हाताने ती दार थोपटत होती. पाठ थोपटावी तसं. "आले रे... इथेच आहे मी... आले..."

आणि तिने थोपटलं की आतलं रडणं जरा उतरायचं.

"दादा, लवकर," ती म्हणाली. "सेहेचाळिसाव्या मिनिटाला थांबतं ते. मग उद्यापर्यंत..."

चाळीस मिनिटं झाली. आत खोकला सुरू झाला. उचकी. बेचाळीस. चव्वेचाळीस... आवाज बसत चाललेला...

"बोललं," चावीवाला म्हणाला.

कुलूप उघडलं. तिने पोर त्याच्या हातात दिलं. आत गेली. अंधारात.

रडणं थांबलं.

मग थोपटल्याचा आवाज. थप... थप... थप. तिचं गुणगुणणं. आणि रडून दमलेलं पोर उराशी घेतल्यावर देतं ना, तसे हुंदके. एक... मग बऱ्याच वेळाने एक. मग मोठा सुस्कारा.

चावीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला सांगताना म्हणाला, 'मला वाटलं, झालं. सुटलं बिचारं.'

मग त्याच्या हातातलं पोर हललं.

बारा दिवसांत पहिल्यांदा. त्याने त्या अंधाराकडे तोंड वळवलं. ओठ वाकडे झाले. दोन्ही हात पुढे केले. तोंड उघडलं... मोठं उघडलं... चेहरा लाल झाला...

आवाज नाही.

काहीच नाही.

आणि आतून, अंधारातून, आठ महिन्यांचं पोर खुदकन हसलं.

बाई बाहेर आली. हात असे धरलेले... असे, बघा. हातांत काही नाही. अलगद पावलं टाकत. हलत-डुलत. चेहऱ्यावर असं समाधान, की चावीवाला म्हणाला, असं सुख मी कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही.

"झोपला," ती हळूच म्हणाली.

याने पोर पुढे केलं.

तिने त्या पोराकडे बघितलं. दारावर आलेल्या परक्याकडे बघावं तसं.

"हे कुणाचं बाळ, दादा? याची आई कुठे आहे?"

...

रात्री अकरा वीसला तो माझ्या दाराशी आला. सगळं सांगितलं आणि हे कुलूप माझ्या हातात दिलं. घरी नेईना, त्याच्या लेकीचं तान्हं होतं घरात. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर बसला नाही. आता नाही तो.

ती बाई दहा महिने तसे हात धरून हिंडली. मग मोठ्या दवाखान्यात नेलं. औषधांनी बरी झाली. बरी म्हणजे हात खाली आले. आपलं पोर ओळखायला लागली, शाळेत सोडायला लागली. पोर आता बारा वर्षांचं आहे. मी गेल्या महिन्यात तलावावर बघितलं. पायरीवरून पाय घसरला, गुडघा फुटला, आतलं पांढरं दिसत होतं. त्याने बघितलं आणि तसंच जाऊन पाण्यात उडी मारली. काठावर आई होती. हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. ते वळून बघत नाही, हे ठाऊक झालंय तिला.

आणि ज्या रात्री औषधांनी तिचे हात खाली आले ना, त्या रात्री नऊला माझ्या घरात खिळ्याला टांगलेलं हे कुलूप ओलं आणि कोमट झालं, आणि कान लावला तर आत तेच रडणं...

हे काय. खिशातच असतं माझ्या. ठेवतो सतरंजीवर. बघा. लावा हात.

काय रे, आता का मागे सरकतोस? तू तर शिकलेला आहेस.

शर्टाच्या खिशाकडे काय बघता? ओला आहे. रोज असतो. तुम्हाला वाटायचं, म्हातारा पाणी सांडतो. रोज नऊ ते नऊ सेहेचाळीस मी एकटा बसतो आणि हे थोपटतो. माझ्या मांडीवर दुसरं कुणी नाही, म्हणून मला चालतं. आज तुमच्यात बसलो आणि गोष्टीच्या भरात एकदाही...

किती वाजले? नऊ पंचेचाळीस.

एकदाही थोपटलं नाही आज मी त्याला.

अगं... अगं, हात काढ! काढ तो हात! थोपटू नकोस त्याला! मांडीवर तुझं बाळ आहे ना? मग याला हात लावायचा नाही, दया आली तरी नाही!

...काढलास. बरं. घाबरू नकोस. बाळाला घट्ट धर. मी घेतलं खिशात, हे बघ. सेहेचाळीस झाली. थांबलं.

रडतेस कशाला? काय म्हणालीस, चावलं?

कुठे? बोट दाखव. मेणबत्ती आण रे जवळ... अजून जवळ.

दोनच आहेत. बारीक. खालचे.

सूनबाई, तुझ्या बाळाचं तोंड उघडून बघ बरं एकदा. याला अजून दात आलेले नाहीत ना?